शेतातून थेट येणारी सेंद्रिय भाजीची पेटी: घ्यावी का?

आठवड्याला एक पेटी, पैसे हंगामाच्या सुरुवातीलाच, आणि आत काय येणार ते शेतात काय तयार आहे त्यावर. ही सेवा नीट चालवली तर दुकानातल्या ‘ऑरगॅनिक’ पाकिटापेक्षा सरस ठरते. सेंद्रिय भाजीत कीटकनाशकांचे अंश कमी असतात हे खरं, पण पोषणाचा मोठा भाग काढणीनंतरच्या वेळेवर ठरतो. उघड्यावर ठेवलेल्या पालकातलं क जीवनसत्त्व दोन-तीन दिवसांतच बरंच घटतं. मक्याच्या कणसातली साखरही तोडल्यापासून स्टार्चमध्ये बदलू लागते. म्हणून पेटीवर काढणीची तारीख नसेल तर ती मागाच.

पेटी उघडली की आधी जुडीचे देठ बघा. काप ओलसर आणि फिकट हिरवा हवा. पानावर नागअळीची पांढरी नागमोडी रेघ दिसली तर तेवढं पान काढा, बाकी जुडी उत्तम असते. पानं बुळबुळीत आणि वास आंबूस असेल तर भाजी ओली असतानाच प्लॅस्टिकमध्ये कोंबलेली आहे. अशी पेटी परत करा. गाजर-मुळ्याचा पाला लगेच कापा, तो कंदातलं पाणी ओढून घेतो. पालेभाजी कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पिकलेल्या टोमॅटो-केळ्यांपासून लांब. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. शेणखतातले जंतू मातीबरोबर येऊ शकतात, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली धुणं इथेही चुकत नाही.

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, हा समज सोडा. निंबोळी अर्क, बीटी (अळ्या मारणारा जिवाणू), ठरावीक मर्यादेत तांबंयुक्त बुरशीनाशकं चालतात. काय फवारलं, कधी, हे विचारा. रासायनिक शेती सोडल्यावर प्रमाणपत्राआधी साधारण 2 ते 3 वर्षं रूपांतराची जातात. ‘आम्ही अजून रूपांतरात आहोत’ असं सांगणारं शेत मला जास्त विश्वासाचं वाटतं.

आगाऊ पैशांचा खरा उपयोग शेतकऱ्याला होतो. बियाणं आणि खत व्याजाच्या पैशांवर घ्यावं लागत नाही, आणि गारपीट झाली तर फटका एकट्यावर पडत नाही. जपानमध्ये 1970च्या दशकात ‘तेईकेई’ या नावाने ग्राहक आणि शेतकरी याच तत्त्वावर एकत्र आले. शिवाय विषारी फवारे अंगावर घेणारी पहिली माणसं शेतमजूर असतात. त्यांची त्यातून सुटका होते, हे मोल मोठं आहे.

त्रास एकच: एकच भाजी सलग तीन-चार आठवडे येते. दोघांच्या घराने अर्धी पेटीच घ्यावी. आणि शेत बघायला येऊ न देणाऱ्याकडे हंगामाचे पैसे भरू नयेत.