मालक खरा, फ्लॅट खरा, तरी सहा लाख गेले

घर बघायला गेलो तेव्हा दारावर नजरेच्या उंचीवर वहीच्या पानाएवढा एक चौकोन होता. डिंक वाळून पिवळा पडलेला आणि मध्ये कागदाचे कपटे चिकटून राहिलेले. एका कपट्यावर "सूचना" या शब्दाचा पुढचा अर्धा भाग दिसत होता. "हे काय होतं?" मी सहज विचारलं. मालक म्हणाला, "निवडणूक आहे ना वहिनी, पत्रकं चिकटवून जातात. पुसून देतो." नोव्हेंबर २०२४ होता, विधानसभेचं मतदान आठवड्यावर आलेलं. मला पटलं.

त्या कपट्यावर मी आणखी दोन मिनिटं थांबले असते तर सासऱ्यांच्या पीएफचे सहा लाख आज आमच्याकडे असते. हेवी डिपॉझिटवर घर घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचून मगच सही करा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आम्ही आठ वर्षं डोंबिवलीत भाड्याने राहतोय. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी भाडं वाढणार, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की सामान बांधायचं. मिस्टर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत, मी घरी शिकवण्या घेते. सासरे निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं, "एकदाच काय ते हेवी डिपॉझिट भरा आणि पोरीला एका शाळेत राहू द्या." मुंबई-ठाण्याबाहेरच्यांना हा प्रकार कदाचित ठाऊक नसेल. मालकाकडे एकरकमी मोठी रक्कम ठेवायची, भाडं नाममात्र द्यायचं किंवा द्यायचंच नाही, आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम परत घ्यायची. एजंटने हिशेब मांडला: "महिन्याला बारा हजार म्हणजे वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार, गेले ते गेले. इथे सहा लाख ठेवा, महिना दोन हजार द्या, दोन वर्षांनी सहाचे सहा हातात."

आम्ही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. मालकाचं आधार बघितलं. त्याच्या नावची सूची क्रमांक २, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, बघितली. महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती बघितली. लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक मिस्टरांनी महावितरणच्या ॲपवर टाकून नाव जुळवलं. सगळं त्याच माणसाचं होतं. तोतया मालक उभा करून फसवतात हे आम्ही ऐकून होतो, म्हणून तेवढी एक गोष्ट चोख तपासली आणि निर्धास्त झालो. आमची चूक तिथेच झाली. मालक खरा होता, पण घर भाड्याने देण्याचा हक्क त्याच्याकडे उरलेला नव्हता.

त्याने दाखवलेले सगळे कागद झेरॉक्स होते. मूळ खरेदीखत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे, असं मिस्टरांनी विचारलंही. "गावच्या कपाटात आहेत, पुढच्या वेळी आणतो." पुढची वेळ आली नाही आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही. मूळ कागद गावी नव्हते, एका गृहकर्ज कंपनीच्या तिजोरीत होते.

करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर केला, नोटरीचा शिक्का मारून. नोंदणीचं विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, "ताई, रजिस्टर केलं की खर्च वाढतो, मालकाला टॅक्सचा त्रास होतो. नोटरी म्हणजे सरकारीच की." असं काही नसतं. नोटरीच्या सही-शिक्क्याने करार नोंदणीकृत होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि खर्च तरी किती? नंतर मी हिशेब करून बघितला. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरून, त्या बेरजेवर ०.२५ टक्के. दोन वर्षांचं भाडं ४८ हजार, सहा लाखांवर दोन वर्षांचे १ लाख २० हजार, मिळून १ लाख ६८ हजार. त्यावर शुल्क होतं ४२० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. बायोमेट्रिक मशीन घेऊन माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे काय असतील ते वेगळे.

चार लाख बँकेतून दिले, दोन लाख रोख. करारावर चारच लिहिले. तेही एजंटच्या सांगण्यावरून.

फेब्रुवारीत एक माणूस दारात आला, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. मालकाची चौकशी करून, आम्ही भाडेकरू आहोत हे कळल्यावर काही न बोलता टिपण करून गेला. मालकाला फोन केला तर म्हणाला, "क्रेडिट कार्डवाले असतात, लक्ष देऊ नका." मार्चच्या शेवटी शिकवणीची मुलं सोडायला मी दार उघडलं, तेव्हा दारावर नवा कागद चिकटवलेला होता. अगदी त्याच जागी. जुन्या डिंकाच्या डागावर त्याचे चारही कोपरे बरोबर बसले होते. वरच ठळक अक्षरांत सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घ्यायचा कायदा) कलम १४ चा उल्लेख, खाली आमच्या फ्लॅटचा नंबर आणि ताबा घेण्याची तारीख. जिन्यात उभी राहून मी तो तीनदा वाचला. त्या दिवशी मला त्या चौकोनाचा अर्थ लागला.

मालक म्हणाला, "स्टे मिळालाय, वकील बघतोय." चार दिवसांनी फोन बंद. ठरल्या तारखेला मंडळ अधिकारी, कर्ज कंपनीची माणसं आणि दोन पोलीस आले. मुलीची वार्षिक परीक्षा चालू होती, दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. त्या लोकांना मी दोष देणार नाही. त्यांनी सामान बाहेर काढायला संध्याकाळपर्यंत वेळ दिला, पंचनामा केला, कुलूप लावून सील केलं. फ्रिज आणि कपाट शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये ठेवलं. सासरे जिन्याच्या पायरीवर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत, अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत.

नंतर वकीलबाईंनी समजावलं. कर्जाचे हप्ते थकून खातं बुडीत गेलं की सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली कर्जदाराला नोटीस जाते आणि रक्कम भरायला ६० दिवस मिळतात. ती नोटीस मिळाल्यावर कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही, अन्य कुठल्या प्रकारे हस्तांतरितही करता येत नाही. कलम १३(१३) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पैसे भरले नाहीत तर आधी प्रतीकात्मक, म्हणजे फक्त कागदोपत्री, ताबा घेतात. त्याची सूचना दारावर लावतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा. आमच्या मालकाला पहिली नोटीस जानेवारी २०२४ मध्ये आली होती. प्रतीकात्मक ताब्याची सूचना जूनमध्ये लागली. आमचे पैसे त्याने नोव्हेंबरमध्ये घेतले, सगळं माहीत असताना.

कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येईल का, हेही आम्ही विचारलं. कर्जाच्या आधीपासून कायदेशीरपणे राहणाऱ्या भाडेकरूला असं सहज बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ आणि २०१६ चे निकाल भाडेकरूंच्या बाजूचे आहेत. पण आम्ही कर्जानंतरचे, नोटिशीनंतरचे, आणि करार नोंदणी नसलेला. नोंदणी केली असती तरी घर वाचलं नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पैशाच्या दाव्याला मात्र वजन आलं असतं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं. इथे बरेच जण हात टेकतात. टेकू नका. डिपॉझिट परत देणं जमलं नाही ही एक गोष्ट. घर भाड्याने देण्याचा हक्क नाही हे ठाऊक असताना ते लपवून पैसे घेणं ही दुसरी, आणि ती फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. नोटिशींच्या तारखा आणि आमच्या बँक ट्रान्सफरची तारीख एकाखाली एक लिहून लेखी तक्रार दिली, पोच घेतली, तेव्हा गुन्हा नोंदवून घेतला. वकील आम्हाला विधी सेवा समितीकडून मिळाल्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तालुक्याच्या कोर्टात जाऊन अर्ज द्यावा लागतो, एवढंच.

मालकाने आतापर्यंत १ लाख १० हजार परत केले आहेत. रोख दिलेले दोन लाख तो मान्यच करत नाही. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचं असं कलम ५५ म्हणतं, आणि वकीलबाई त्यावर भांडत आहेत. पण आमच्याच सहीच्या कागदावर चार लाख लिहिलंय. रोखीला साक्षीदार फक्त एजंट, आणि तो आता आम्हाला ओळख दाखवत नाही.

सामान न्यायला परत गेले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले. ते म्हणाले, "अहो, नोटिशीची प्रत आमच्या ऑफिसलाही आली होती. शेअर सर्टिफिकेटवर कर्जाची नोंद आहे. दीड वर्षाचा मेंटेनन्स बाकी आहे. तुम्ही एकदा खाली येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं." खाली म्हणजे तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूच्या खोलीत. एजंटने "सोसायटीला आपण नंतर कळवू" म्हटलं आणि आम्ही दोन मजले उतरलो नाही. करार करण्याआधी सेक्रेटरींना किंवा खजिनदारांना एकटं भेटा, एजंटला बरोबर घेऊ नका. मेंटेनन्स थकलाय का, बँकेचं पत्र आलंय का, आधीचे भाडेकरू का गेले, हे तीन प्रश्न विचारा. वॉचमनलाही विचारा, दारावर कोण काय लावून गेलं हे त्याला माहीत असतं.

दुसरं काम घरबसल्या होतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च मोफत आहे. सूची क्रमांक २ वरचा सर्व्हे नंबर आणि फ्लॅट नंबर घ्यायचा आणि एकेक वर्ष टाकून शोधायचं. गावाच्या रकान्यात डोंबिवली शोधत बसू नका, तिथे महसुली गाव लागतं, आयरे किंवा पाथर्ली असं. ते सूचीवरच लिहिलेलं असतं. खरेदीखतानंतर गहाणखत किंवा "नोटीस ऑफ इंटिमेशन" दिसली तर घरावर कर्ज आहे. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतही मामुली शुल्क भरून कोणालाही तारण शोधता येतं. मालकाच्या नावापुढे कर्जाची कंपनी लिहून बातम्या आणि जाहीर सूचना शोधल्या तरी कधी कधी सापडतं. आमच्या फ्लॅटची सूचना मराठी पेपरात छापून आली होती.

कर्ज दिसलं म्हणून लगेच घर सोडायची गरज नाही. आजकाल बहुतेक फ्लॅटवर कर्ज असतंच, आणि हप्ते वेळेवर भरणारा मालक चांगला मालक असतो. अशा वेळी कर्जखात्याचं चालू महिन्याचं स्टेटमेंट मागा आणि भाड्याने द्यायला कर्ज देणाऱ्याची हरकत नाही असं पत्र मागा. बारा हजार भाडं आणि चाळीस हजार डिपॉझिट असेल तर जोखीम चाळीस हजारांची. पण सहा लाख देता तेव्हा तुम्ही त्या माणसाला बिनतारण कर्ज देता. बँक त्याच्याकडून जे जे कागद मागेल, ते सगळे मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि स्वतःला विचारा, त्याला एकदम एवढ्या रोख पैशाची गरज का पडली?

आता आम्ही डोंबिवली पश्चिमेला साडेतेरा हजार भाड्याने राहतो. मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. मी मूळ कागद मागितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. कपाटातून जुन्या साडीत गुंडाळलेली पिशवी काढली, शेअर सर्टिफिकेट आणि बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ हो नीट, लाजू नकोस."

समोरच्या ताईंचा भाचा बदलापूरला आठ लाखांच्या हेवी डिपॉझिटवर घर घेतोय. परवा रात्री त्याला माझ्याकडे बसवून ई-सर्च केला. २०१९ ची नोटीस ऑफ इंटिमेशन निघाली. त्याने मालकाकडे कर्जाचं स्टेटमेंट मागितलं. "उद्या पाठवतो" असं उत्तर आलं, वर टोकन द्यायची घाई. आज सकाळी परत विचारलं तर मालक त्याला म्हणाला, "एवढा अविश्वास असेल तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." टोकनचे पन्नास हजार भाच्याच्या खात्यातच आहेत. आम्ही दोघं रविवारी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायला जाणार आहोत.