डीएनएसमास्क: घरचं डीएनएस आणि डीएचसीपी काही महिने त्याच्यावर चालवल्यानंतर

लिनक्सवर स्वतःचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) आणि डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा) सर्व्हर उभा करायचा म्हटलं की आधी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते ठरवावं लागतं. पूर्वी बाइंड हा डीएनएस सर्व्हर आणि आयएससी या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर ही जोडी सर्रास दिसायची. त्यातल्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ साली थांबली आणि आयएससीने कीया हा नवा डीएचसीपी सर्व्हर पुढे आणला. कीया दमदार आहे, पण त्याचा आवाका मोठ्या नेटवर्कचा. मला हवं होतं ते एका साध्या, कायम चालू असलेल्या लिनक्स मशीनवर निवांत चालणारं काहीतरी: फोन, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे, फाइल सर्व्हर आणि अधूनमधून उभी राहणारी व्हर्च्युअल मशीन्स एवढाच संसार. त्यासाठी सायमन केली यांचा डीएनएसमास्क निवडला आणि गेले काही महिने संपूर्ण नेटवर्क त्याच्यावर आहे.

याची खरी ताकद काय, तर डीएनएस आणि डीएचसीपी ही दोन्ही कामं एकच प्रोग्राम करतो. ऐकायला ही साधी सोय वाटते, पण वापरायला लागल्यावर तिचं मोल कळतं. एखादं मशीन पत्ता मागताना स्वतःचं नावही कळवतं. डीएनएसमास्क त्याला पत्ता देतो आणि त्याच क्षणापासून ते नाव डीएनएसमध्ये रिझॉल्व्ह व्हायला लागतं, म्हणजे नावावरून पत्ता मिळतो, उलट दिशेनेसुद्धा, म्हणजे पत्त्यावरून नाव. लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, संपली की नावही जातं. बाइंडच्या जोडीने हेच करायचं तर झोन फाइल, डायनॅमिक अपडेट, त्यासाठीची सामायिक की असा सगळा सरंजाम लागतो. इथे नवं व्हर्च्युअल मशीन सुरू केलं की लगेच नावाने एसएसएच (दुरून लॉगिन) करता येतं. पत्ता शोधणं, होस्ट्स फाइलमध्ये ओळ घालणं, ती दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी करणं हे सगळं बंद झालं.

कॉन्फिग फाइल मुळात टिपणांनी भरलेली आणि लांबलचक येते. ती वाचून काढावी, पण स्वतःची फाइल वेगळी आणि छोटी ठेवावी. माझी पंधरावीस ओळींत संपते. पत्त्यांचा टापू १९२.१६८.१०.१०० ते १९२.१६८.१०.२००, लीज १२ तासांची. लीजची मुदत लिहिली नाही तर तो एक तास धरतो. बहुतेक उपकरणं निम्मी मुदत उलटली की नूतनीकरण मागतात, त्यामुळे तासाच्या लीजने लॉग उगाच भरत राहतो. प्रिंटर, कॅमेरे आणि फाइल सर्व्हर यांना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) कायमचे पत्ते दिले आहेत. हे पत्ते त्या टापूत असायलाच हवेत असं नाही, सबनेट, म्हणजे नेटवर्कचा पट्टा, तेवढं तेच पाहिजे. म्हणून कायमचे पत्ते १०० च्या खाली आणि बाकीचे वर अशी विभागणी केली. कॉन्फिगमध्ये दिलेलं नाव उपकरणाने स्वतः सांगितलेल्या नावापेक्षा वरचढ ठरतं, हेही फार उपयोगाचं. कॅमेऱ्यांची कारखान्यातून आलेली अगम्य नावं एका झटक्यात बदलून ‘अंगण’, ‘जिना’ अशी झाली.

यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. ज्या उपकरणांना कायमचा पत्ता दिलेला नाही, त्यांचा पत्तासुद्धा हा प्रोग्राम मॅक पत्त्याच्या हॅशवरून (त्यावर गणित करून काढलेल्या आकड्यावरून) निवडतो. त्यामुळे एखादा लॅपटॉप बरेच दिवस बंद राहून त्याची लीज संपली, तरी परत आल्यावर सहसा जुनाच पत्ता मिळतो. शिवाय नवा पत्ता देण्याआधी तो एक पिंग पाठवून पाहतो, की कुणी हाताने तोच पत्ता घेऊन बसलेलं नाही ना. अशा बारीक गोष्टींतून कळतं, की लिहिणाऱ्याने खऱ्या नेटवर्कवर दिवस काढलेत.

डोमेनच्या नावाबद्दल थोडं आग्रहाने सांगतो. ‘.लोकल’ वापरू नका. ते नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय उपकरणांनी एकमेकांना नावं विचारण्याची पद्धत) राखीव आहे आणि ती पद्धत चालवणारी अवाही ही सेवा असलेली लिनक्स मशीन्स, तसंच अॅपलची उपकरणं ते नाव तुमच्या सर्व्हरला विचारण्याऐवजी ५३५३ पोर्टवरून नेटवर्कभर पुकारतात. मग कधी नाव सापडतं, कधी नाही, आणि दोष तुमच्या सर्व्हरवर येतो. घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.अर्पा’ हे नाव २०१८ सालीच मानकात राखून ठेवलं आहे. मी तेच घेतलं. त्याच्या जोडीला ‘लोकल’ या निर्देशात हे डोमेन लिहिलं, की त्याखालची चौकशी बाहेरच्या सर्व्हरकडे जात नाही. ‘डोमेन-नीडेड’ आणि ‘बोगस-प्रिव्ह’ या दोन ओळीही डोळे झाकून घाला. बिनडोमेनची नावं आणि खाजगी पत्त्यांच्या उलट चौकश्या बाहेर गळायच्या थांबतात.

बसवताना बहुतेकांना एकच अडथळा येतो: डीएनएसचा ५३ पोर्ट आधीच व्यापलेला. हल्लीच्या अनेक वितरणांत सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही लिनक्सची स्वतःची नावं शोधणारी सेवा १२७.०.०.५३ वर ऐकत बसलेली असते, तर डीएनएसमास्क मुळात सगळ्याच पत्त्यांवर बसायला बघतो. रिझॉल्व्ह्डचा स्टब लिसनर (त्या पत्त्यावर ऐकणारा भाग) बंद करा, नाहीतर डीएनएसमास्कला ‘बाइंड-इंटरफेसेस’ देऊन ठरलेल्या इंटरफेसवरच बसवा. फायरवॉलमध्ये ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा, कारण मोठी उत्तरं टीसीपीवरून जातात. डीएचसीपीसाठी यूडीपी ६७. आणि राऊटरमधला डीएचसीपी बंद करायला विसरू नका.

इथवरचं काम एका संध्याकाळचं. पण सर्व्हर उभा राहिला म्हणजे उपकरणं त्यालाच विचारतील असं नाही, आणि पुढच्या महिन्यांत माझा खरा वेळ तिथेच गेला.

सुरुवात दुसऱ्या डीएनएस पत्त्यापासून. अनेकजण सल्ला देतात, की डीएचसीपीमधून पहिला पत्ता आपला आणि दुसरा एखाद्या सार्वजनिक सर्व्हरचा द्या, म्हणजे आपला पडला तरी इंटरनेट चालेल. हा सल्ला चुकीचा आहे. दुसरा पत्ता फक्त अडीअडचणीलाच वापरायचा असं बंधन उपकरणांवर नाही. कोणी आलटूनपालटून विचारतं, कोणी एकदा दुसऱ्याकडे गेलं की तिथेच राहतं. सार्वजनिक सर्व्हरला आपल्या घरातली नावं ठाऊक नसतात, तो ‘असं नाव नाही’ म्हणून ठाम उत्तर देतो आणि उपकरण ते खरं मानतं. त्यामुळे एकच पत्ता द्या, आणि दोन द्यायचेच तर दोन्हीकडे तुमची नावं असू द्या.

मग आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. आयपीव्ही४ चा डीएचसीपी बंद केला तरी सेवादात्याकडून आलेला राऊटर आपल्या राऊटर अॅडव्हर्टाइजमेंटमधून (राऊटर नेटवर्कभर करतो त्या घोषणा) स्वतःचा डीएनएस पत्ता जाहीर करत होता. लॅपटॉपवर नावं कधी लागायची, कधी नाही. कॉन्फिग कितीही वाचली तरी त्यात दोष सापडला नसता, कारण दोष तिथे नव्हताच. प्रत्येक उपकरणावर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सारख्या आज्ञेने नक्की कोणते डीएनएस पत्ते धरले आहेत ते बघितल्यावर उलगडा झाला. राऊटरमध्ये ती जाहिरात बंद करता येत असेल तर उत्तम. नसेल तर राऊटर बदलायचा, किंवा त्याला नुसता मोडेम म्हणून ठेवून राऊटिंग लिनक्सकडे घ्यायचं. डीएनएसमास्क स्वतःही राऊटर अॅडव्हर्टाइजमेंट पाठवू शकतो, आता ते काम त्याच्याकडेच आहे.

फोन आणि ब्राउझरचं वेगळं. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. ते स्वयंचलितवर असेल तर अडचण नाही, पण कोणी तिथे एखाद्या सेवेचं नाव लिहिलं असेल तर सगळी चौकशी एनक्रिप्ट होऊन थेट तिकडे जाते आणि घरातली नावं त्या फोनला दिसत नाहीत. फायरफॉक्सने आपणहून चालू केलेलं एचटीटीपीएसवरचं डीएनएस मात्र एका ओळीत थांबवता येतं. ‘यूज-अॅप्लिकेशन-डीएनएस.नेट’ या नावाला ‘सापडत नाही’ असं उत्तर दिलं, की तो नेटवर्कचा डीएनएस मानतो. वापरणाऱ्याने ते स्वतः निवडलं असेल तर अर्थात त्याचीच निवड टिकते, आणि तसंच असायला हवं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. फोनला कायमचा पत्ता द्यायचा असेल तर घरच्या वायफायपुरतं ते बंद करा.

वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. कॅशमधलं, म्हणजे आधी विचारून साठवलेलं, उत्तर जवळपास तत्काळ येतं हे खरं, पण ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टमच्याही स्वतःच्या कॅश असतात. मूळ कॅश १५० नावांची असते, ती मी १००० केली. प्रोग्रामला यूएसआर१ सिग्नल पाठवला की लॉगमध्ये कॅशचा हिशेब येतो. कॅश वाढवायची का, ते जागेसाठी किती जिवंत नोंदी काढून टाकाव्या लागल्या हा आकडा बघून ठरवा.

दोष शोधण्याच्या बाबतीत मात्र हा सर्व्हर अप्रतिम आहे. ‘लॉग-डीएचसीपी’ चालू केलं की डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक हा चौपदरी संवाद लॉगमध्ये शब्दशः वाचता येतो. डिस्कव्हर आणि ऑफर पुन्हा पुन्हा दिसतात आणि रिक्वेस्ट येतच नाही, म्हणजे ऑफर उपकरणापर्यंत पोचत नाही किंवा त्याने दुसऱ्याच सर्व्हरची ऑफर घेतली. कॉन्फिग बदलल्यावर आधी ‘टेस्ट’ पर्यायाने तपासा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. हँगअप सिग्नलने होस्ट्स फाइल पुन्हा वाचली जाते, मुख्य कॉन्फिग नाही.

उणिवा आहेत. बाहेरच्या सर्व्हरशी एनक्रिप्टेड बोलणं याला येत नाही. त्यासाठी मागे अनबाउंड हा दुसरा डीएनएस सर्व्हर बसवावा लागला, तो दुसऱ्या पोर्टवर ऐकतो आणि डीएनएसमास्क त्याच्याकडे चौकशी ढकलतो. डीएनएसएसईसी तपासणी (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या पडताळणं) आहे, पण ज्या छोट्या बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते तिथे पेच पडतो: घड्याळ चुकीचं म्हणून सह्या अवैध, आणि नाव रिझॉल्व्ह होत नाही म्हणून वेळेचा सर्व्हरही सापडत नाही. यासाठी ‘डीएनएसएसईसी-टाइमस्टॅम्प’ हा पर्याय आहे, तो जरूर वापरा. सुरक्षेचे अपडेट टाळू नका. जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसपूक नावाने सात त्रुटी उघड झाल्या, त्या २.८३ मध्ये दुरुस्त झाल्या. फेब्रुवारी २०२४ च्या कीट्रॅप या त्रुटीवरची दुरुस्ती २.९० मध्ये आली.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे दोन सर्व्हर एकमेकांशी लीज वाटून घेऊ शकत नाहीत. एक पडला की दुसऱ्याने आपोआप सूत्रं हाती घ्यावीत अशी सोय कीयामध्ये आहे, इथे नाही. जिथे काही मिनिटांचा खंडही चालणार नाही तिथे कीयाच लावा. माझ्याकडे दुसऱ्या एका मशीनवर हीच कॉन्फिग तयार आहे आणि लीजची फाइल रोज तिकडे कॉपी होते. सर्व्हिस मात्र मुद्दाम बंद ठेवली आहे आणि बूटच्या वेळी सुरू होऊ नये अशीही व्यवस्था केली आहे, कारण वेगवेगळ्या लीज फाइली घेऊन दोघं एकाच वेळी पत्ते वाटायला लागले, तर घरातली नावं दोन सर्व्हरांत विभागली जातील.