हंगर गेम्स की डायव्हर्जंट: आधी कोणती?

घरातल्या नववी-दहावीच्या वाचकासाठी (किंवा त्याच्या नावाखाली स्वतःसाठी) एकच संच घ्यायचा असेल, तर सुझन कॉलिन्सची ‘हंगर गेम्स’ घ्या. व्हेरॉनिका रॉथची ‘डायव्हर्जंट’ टाकाऊ नाही, पण ती त्या वयातच वाचावी.

वरवर दोन्ही सारख्याच: उद्याची अमेरिका, सोळा वर्षांची नायिका, मूळ पुस्तकं तीन-तीन. पहिली मालिका २००८ ते २०१० मधली, दुसरी २०११ ते २०१३ मधली.

‘हंगर गेम्स’चं जग भुकेवर उभं आहे. बारा जिल्ह्यांतून दरवर्षी एकेक मुलगा-मुलगी चिठ्ठी काढून रिंगणात धाडायची, चोवीस जणांतून एकानं जिवंत परतायचं. पण चिठ्ठ्या सगळ्यांच्या सारख्या नसतात. घरात धान्य-तेल हवं असेल तर आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या, आणि त्या वर्षागणिक साचत जातात. म्हणून नायिका कॅटनिसच्या नावाच्या २० आणि तिचा मित्र गेलच्या ४२. गरिबाच्या पोराचं मरण कसं जवळ येतं, हे या एका नियमात कळतं. भाषणबाजी लागत नाही. टीव्हीवर चॅनेल बदलताना रिअ‍ॅलिटी शो आणि इराक युद्धाची दृश्यं एकमेकांत मिसळली, तिथून ही कल्पना सुचल्याचं कॉलिन्स सांगतात.

‘डायव्हर्जंट’मध्ये शिकागो शहर पाच गटांत वाटलेलं आहे आणि सोळाव्या वर्षी प्रत्येकानं आपला गट निवडायचा. ‘मी कुठल्या गटात गेले असते?’ हा प्रश्न चौदाव्या वर्षी झोप उडवतो. रॉथनं पहिलं पुस्तक कॉलेजात असताना लिहिलं. तो वेग त्यात आहे. प्रशिक्षणाची प्रकरणं एका बैठकीत संपतात. मात्र या व्यवस्थेमागचं कारण तिसऱ्या पुस्तकात उलगडतं तेव्हा ते तोकडं वाटतं. शेवटावरून तर वाचक अजून भांडतात. सिनेमांचीही गाडी २०१६ मध्ये तिसऱ्यावर अडली, ठरलेला चौथा आलाच नाही.

प्रभावात तर तुलनाच नको. कॅटनिसचा तीन बोटांचा सलाम २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर उतरला आणि तो करणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या निदर्शकांनीही तो उचलला. युवा वाचकांसाठीच्या किती कादंबऱ्यांच्या वाट्याला हे येतं?

हिंसा दोन्हींत आहे. ‘हंगर गेम्स’मध्ये मुलंच मुलांना मारतात, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना इतक्यात देऊ नका. तिचं तिसरं पुस्तक ‘मॉकिंगजे’ संथ आणि जड आहे. पहिल्या दोनांची धाव तिथे मिळणार नाही. २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्यांची कथा आधीच्या काळातली असली, तरी त्या मूळ तीन संपल्यावरच वाचा. पुढे जाऊन राष्ट्राध्यक्ष होणारा स्नो तरुणपणी कसा होता, हे आधीच कळलं तर त्याची भीती ओसरते.