अंगठ्यानं उघडणारी पिस्तुलाची पेटी : वापरानंतरचा अनुभव (आणि त्या ‘टीं’चा वाद)

पेटी कशी असते ते सांगत बसत नाही. इथं टेक्सासात राहणाऱ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या पलंगाशेजारी ती पाहिलेली असते: वर अंगठा टेकवायची काच, बाजूला चार बटणं, आत स्पंज, चार सेल आणि दोन किल्ल्या, ज्या घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सापडत नाहीत. आम्ही दिवाळीच्या सुमारास घेतली. परवापर्यंत मला कुणी विचारलं असतं तर चार तारे दिले असते.

मग सासूबाईंनी ती फडक्यानं पुसली आणि पेटी उघडली.

पुसताना अंगठा काचेला लागला, एवढंच. पण अंगठा आईंचा होता. त्यांचा ठसा आम्ही कधीच घातला नव्हता, त्या साताऱ्याहून नुकत्या आल्या होत्या. आत पिस्तूल आणि भरलेलं मॅगझिन. सातवीतला मुलगा पलीकडच्या खोलीत मित्राबरोबर. आई म्हणाल्या, “अगं, मी काही केलं नाही हं, हे आपोआपच उघडलं.” खरंच होतं ते.

हे कसं झालं ते सांगते, पण त्यासाठी आधी ‘टीं’बद्दल बोलावं लागेल. या पेटीविषयी माझं मुख्य म्हणणं त्या आवाजाबद्दलच आहे. स्पंज पातळ आहे, रंग उडतो, किल्लीचं भोक वाकडं आहे, ते सगळं मी सोडून दिलं.

पेटी उघडली की ‘टीं’ होते. चुकीचं बोट ठेवलं की तीनदा. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात तो आवाज बंद केला. त्याचं म्हणणं, चोर घरात शिरलाय आणि आपण पेटी उघडतोय, तेव्हा ‘टीं’ वाजली तर त्याला पत्ता लागेल. माझं म्हणणं, आमच्या घरात चोरापेक्षा मुलाचे मित्र जास्त येतात, म्हणून पेटी उघडली की मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं पाहिजे. मी आवाज चालू करायची, तो बंद करायचा. भारतीयांच्या घरी सोनं असतं हे इथल्या चोरांना पाठ आहे, हा त्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण सोनं बँकेच्या लॉकरात आहे, पेटी उशाशी आहे.

आता कंपनीची करामत बघा. आवाज बंद केला की सेल संपत आल्याची सूचनाही बंद होते. एकच कळ, दोन्ही आवाज गप्प. त्यामुळे सेल मरत होते आणि पेटी मुकाट होती. पुढे एक दिवस ती उघडेना, नवऱ्यानं नवे सेल घातले, अंगठा ठेवला, उघडली. झालं, तो खूश. प्रत्यक्षात नोंदवलेले ठसे पुसले गेले होते आणि पेटी कारखान्यातून आली होती त्या अवस्थेत गेली होती. त्या अवस्थेत ती कुणाच्याही बोटानं उघडते. नोंद झालेली नाही म्हणून बंद राहायला हवं ना? नाही! नोंद नाही म्हणून सगळ्यांना खुली.

मला वाटलं आमचाच माल सदोष निघाला. शोधल्यावर कळलं की हे जुनं दुखणं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं एका कंपनीच्या सुमारे ६१,००० पेट्या परत बोलावल्या, नेमक्या याच कारणासाठी: मालकाला वाटतं आपला ठसा नोंदला गेलाय, आणि पेटी कुणाच्याही बोटाला उघडते. त्यात बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूचा दावा कोर्टात होता. २०२४ च्या सुरुवातीला आणखी चार कंपन्यांच्या पेट्यांबाबत तेच. आमची पेटी त्या यादीत नाही. कस्टमर केअरच्या बाईंनी हे मला अभिनंदन करावं तशा सुरात सांगितलं. मी म्हटलं, बाई, यादीत नाही पण उघडतेय ना? त्यांनी मला पुस्तिकेचं पान सांगितलं. पानावर खरंच लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात.

इथवर ही पेटीची तक्रार होती. त्या रात्री जेवताना मात्र पेटी बाजूला पडली आणि आमच्याकडे बंदुकीच्या कायद्यावर जो वाद पेटला तो अजून धुमसतोय.

सासरे, म्हणजे अण्णा, फौजेतून निवृत्त. गावाकडे शेताच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे. परवाना जिल्हाधिकारी कचेरीतून, त्याचं नूतनीकरण, पोलिसांची चौकशी, सगळं रीतसर. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. अण्णांना यात काहीच वावगं वाटत नाही. त्यांनी लेकाला विचारलं, तुझा परवाना कुठाय? तो म्हणाला, लागत नाही. अण्णांना आधी वाटलं चेष्टा करतोय.

टेक्सासात खरंच लागत नाही. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो तोवर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक घेता येत नव्हती, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड हातात आलं आणि दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन, नवरा जेवायच्या वेळेला पिस्तूल घेऊन घरी. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला बाहेर पिस्तूल बाळगायलाही परवाना नको. अण्णा म्हणाले, “मग तुमच्याकडं निवडणुकीला काय जमा करतात?” नवरा म्हणाला, “मतं.” अण्णा हसले नाहीत.

नवऱ्याकडे त्याचे मुद्दे तयार असतात. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. २००८ चा सुप्रीम कोर्टाचा हेलर खटला, पाच विरुद्ध चार. मी तो निकाल हट्टानं वाचला, कारण तो चक्क आमच्याच भांडणाचा निघाला! वॉशिंग्टन शहराचा नियम होता की घरातली बंदूक रिकामी करून, सुटी करून किंवा घोड्याला कुलूप लावून ठेवायची. कोर्ट म्हणालं, असं केल्यावर स्वसंरक्षणासाठी ती वापरायची कशी? नियम रद्द. नवरा म्हणतो, बघ, ‘टीं’ बंद करणं हा माझा घटनात्मक हक्क आहे. मी त्याला त्याच निकालातलं पुढचं दाखवलं: अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसं ठेवावं याचे कायदे या निकालानं बाद ठरत नाहीत, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्यात स्पष्ट लिहिलंय. तेवढं पान त्याचे मित्र कधीच पाठवत नाहीत.

टेक्सासात बंदूक कुलपात ठेवलीच पाहिजे असा सरसकट कायदा नाही. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र निष्काळजीपणामुळे लागलं तर गुन्हा आहे, पण साधा, पाचशे डॉलरपर्यंत दंडाचा. गोळी सुटून कुणी गेलं किंवा जबर जखमी झालं तर वर्षभरापर्यंत कैद. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेतल्या २०२१ च्या गोळीबारानंतर गोळ्या झाडणाऱ्या मुलाच्या आईवडिलांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि २०२४ मध्ये दोघांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा टेबलावर पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. मग आईंनी भात वाढला.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरलं ती. पेटी परत बोलावणारा जो आयोग आहे, तो १९७२ च्या कायद्यानं झाला. पाळणा, टोस्टर, गाद्या, खेळण्यातली पिस्तुलं, सगळं त्याच्या कक्षेत. खरी पिस्तुलं आणि काडतुसं त्यातून वगळलेली! १९७६ मध्ये इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, तो दरवाजा पुन्हा खिळे ठोकून पक्का केला, कारण मधल्या काळात पिस्तुलाच्या गोळ्यांवर बंदी घालावी म्हणून कुणीतरी आयोगाकडे अर्ज केला होता. म्हणजे माझ्या पेटीची कळ बिघडली तर सरकार ती परत बोलावू शकतं, आतल्या वस्तूची बिघडली तर नाही. ते कंपनीनं मनानं करायचं. हे मी नवऱ्याच्या ग्रुपमध्ये लिहिलं तर एकानं मला ‘डेमोक्रॅट’ म्हटलं आणि दुसऱ्यानं विचारलं की मग गाड्यांवर बंदी घालणार का. गाड्या परत बोलावतात हो! दर महिन्याला पत्र येतं.

अॅलनचा मॉल इथं डॅलसजवळ आहे, आमच्यापासून लांब नाही. ६ मे २०२३ ला तिथं गोळीबारात आठ जण मारले गेले, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनिअर होती. त्यानंतर आमच्या ओळखीत दोन तट पडले. काहींनी पिस्तूल घेतलं, काहींनी पिस्तूल असलेल्या घरी मुलांना पाठवणं बंद केलं. तेव्हापासून आमच्या मंडळातल्या कुठल्याही पोटलकला (ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायचं जेवण) बंदूक, गर्भपात आणि स्थलांतरित हे तीन विषय निघाले की भांडी आवरायची वेळ झाली असं समजायचं. २०२२ च्या जूनमध्ये तर लागोपाठ तीन दिवस होते: २३ ला बंदूक बाळगण्याच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल, २४ ला गर्भपाताचा हक्क रद्द, २५ ला बायडेन यांची बंदूक सुरक्षा कायद्यावर सही. त्या आठवड्यात तुटलेल्या मैत्र्या आमच्याकडे अजून जुळलेल्या नाहीत.

आणि वाद नेहमी मॉलचा, शाळेचा आणि चोराचा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, आत्महत्या होत्या. त्यात ना मॉल, ना चोर. घरातलंच माणूस, घरातलीच बंदूक आणि एक वाईट रात्र. तिथं कुलूप उघडायला लागणारी दोन मिनिटंही मोलाची असतात. म्हणून नवरा “पेटी दोन सेकंदांत उघडते” असं कौतुकानं म्हणतो तेव्हा मला ते कौतुक वाटत नाही. जाहिरातीतही तेच मोठ्या अक्षरात आहे.

अपडेट : वरचं लिहून झाल्यावर कंपनीनं बदली पेटी पाठवली. मला वाटलं होतं भांडावं लागेल, पण आईंच्या अंगठ्याचा व्हिडिओ पाठवल्यावर सुतासारखे सरळ आले. नव्या पेटीत आवाज बंद केला तरी सेलचा लाल दिवा लुकलुकतो, आणि नोंद नसताना बोटानं उघडत नाही. आम्ही सेल काढून-घालून, घरातल्या सगळ्यांची बोटं लावून पाहिलं, अर्थात पेटी रिकामी ठेवून. मुलालाही लावायला लावलं. तो म्हणाला, “आई, मला कोड आधीच माहितेय, बाबांचा वाढदिवस आहे.” कोड आता बदललाय.

म्हणजे माल सुधारलाय, हे मान्य करते. तरी पिस्तूल आम्ही त्यात ठेवलेलं नाही. शेजारचे एक टेक्सन आजोबा आहेत, कुलपाच्या कायद्याचे कट्टर विरोधक, सरकारनं माझ्या बेडरूममध्ये येऊ नये म्हणतात. त्यांच्याकडे पुष्कळ बंदुका आणि एकूण एक लोखंडी कपाटात, नातवंडं येणार म्हटलं की काडतुसं वेगळ्या खोलीत. आमच्या ग्रुपमध्ये कायदा हवा म्हणून रोज लिहिणाऱ्या एका गृहस्थांचं पिस्तूल गाडीच्या कप्प्यात असतं, नुसतं. त्यामुळे आता कोण काय म्हणतं ते ऐकते, पण कुठं ठेवतं ते विचारते. आजोबांनी सल्ला दिला तो असा: सेल नको, ठसा नको, पाच बटणांचं यांत्रिक कुलूप घे. घेतलं. महाग आहे, पण टेक्सासात अशा पेट्यांवर विक्रीकर नाही, तोही १ सप्टेंबर २०२१ पासूनच. एकाच दिवशी परवाना गेला आणि कर गेला. आमच्याकडे सव्वाआठ टक्के लागतो, तेवढे वाचले. दुकानदारानं कर लावला असेल तर पावती बघून मागून घ्या, लाजू नका.

आणखी एक. दुकानातून पिस्तूल घेताना त्याबरोबर वायरचं कुलूप मिळतं, २००५ च्या कायद्यानं विक्रेत्याला तसं काहीतरी द्यावंच लागतं. आमचं प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडून होतं आणि आम्ही दीडशे डॉलरच्या अंगठ्याच्या मागे लागलो होतो. आता दिवसा, मुलं घरात असताना, वायर घातलेली असते. रात्रीचं काय यावर नवऱ्याची आणि माझी तडजोड झालेली नाही. अण्णा म्हणतात जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून या. त्यांना मी गाडीत घालून ठाण्यावर नेऊन दाखवणार आहे की इथं अशी पावती कुणी फाडत नाही.

बदली पेटीत आता पासपोर्ट आहेत. ‘टीं’ चालू ठेवली आहे. पासपोर्टसाठी तीन तारे, पिस्तुलासाठी एकही नाही. चोवीस डॉलरचं शिपिंग त्यांनी माझ्याकडून घेतलंय, ते परत आलं तर अर्धा तारा वाढवीन.