जीडीबीचा कंडिशनल ब्रेकपॉइंट: चोख, पण संथ

दहा लाख फेऱ्यांच्या लूपमध्ये एकाच फेरीत आकडा चुकत असेल, तर साधा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरलेल्या ओळीवर थांबवणारी खूण) काही कामाचा नाही. दर फेरीला ‘कंटिन्यू’ कोण दाबत बसणार? अशा वेळी ब्रेकपॉइंटला अट जोडायची. जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून तपासायच्या साधनात, ही सोय वर्षानुवर्षं आहे आणि तिचं मूळ काम ती चोख करते. त्रास होतो तो दोन ठिकाणी: अट लिहिताना आणि घड्याळाकडे पाहताना.

परीक्षणासाठी सी भाषेतला छोटा प्रोग्राम पुरतो. त्यात १० लाख फेऱ्यांचा एक लूप, मध्येच नल (रिकामा) निघणारा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा चल), नावांचा एक ॲरे आणि एक फ्लोट (दशांश आकडा) एवढं असलं की झालं. जीसीसी या कंपायलरला ‘-जी -ओ०’ (डीबग माहिती ठेव, वेगासाठी कोड बदलू नकोस) देऊन कंपाइल करा. मग जीडीबीत ‘ब्रेक चाचणी.सी:१८ इफ आय == ७३११२’ लिहा (आय हा फेऱ्या मोजणारा चल) आणि ‘रन’ करा. प्रोग्राम थांबल्यावर ‘प्रिंट आय’ला ७३११२ हेच उत्तर यायला हवं, आणि येतं. ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’मध्ये खाली अट दिसते आणि किती वेळा थांबा लागला तेही दिसतं. हा आकडा १ असतो, कारण अट खोटी ठरलेल्या फेऱ्या जीडीबी त्यात धरत नाही. बरेच जण तिथे ७३ हजार शोधतात आणि ब्रेकपॉइंट बिघडला असं समजतात.

अठरावी ओळ लूपच्या आतली हवी. ब्रेकपॉइंट ‘फॉर’च्या ओळीवरच लावला, तर ‘-ओ०’मध्ये तो बहुधा लूप सुरू होतानाच्या भागावर बसतो. तिथे प्रोग्राम एकदाच येतो आणि तेव्हा आयची किंमत वेगळीच असते. अट कधीच खरी होत नाही, आणि खापर डीबगरवर फुटतं.

दुसरी फसगत याहून बारीक आहे. ब्रेकपॉइंट ओळीच्या आधी थांबतो, ओळ चालून झाल्यावर नाही. ‘बेरीज += किंमत’ या ओळीवर ‘इफ बेरीज > १०००’ लावलं, तर बेरीज हजारापुढे गेली त्या फेरीत काहीच होत नाही. थांबा पुढच्या फेरीत लागतो, तोवर ‘किंमत’ बदललेली असते. दोषी नोंद हातची निसटते. अट पुढच्या ओळीवर लावा, किंवा ‘बेरीज + किंमत > १०००’ अशी लिहा.

बरोबरीचं एकच चिन्ह टाकलं तर काय होतं, हे एकदा मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. ‘इफ आय = ५’ ही जीडीबीच्या दृष्टीने वैध अट आहे. ती तपासली जाते तेव्हा आयमध्ये खरोखर ५ भरला जातो, अट खरी ठरते आणि प्रोग्राम पहिल्याच फेरीत थांबतो. पुढे चालू दिलंत तर लूप पाचावरून सहावर, आणि परत पाचावर. डीबगरनेच चालत्या प्रोग्राममधला डेटा बदललेला असतो. इथे एखादा इशारा छापायला काय हरकत होती?

नल पॉइंटरच्या बाबतीत वागणं मात्र समंजस आहे. ‘पी->वय > ६०’ या अटीत पी नल निघाला, तर ती मेमरी वाचता येत नाही. मग जीडीबी अट तपासताना चूक झाल्याचं सांगून तिथेच थांबतो. अट खोटी समजून पुढे निघून जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. नल नको असेल तर ‘पी && पी->वय > ६०’ लिहा. डावी बाजू खोटी ठरली की उजवी तपासली जात नाही, सीसारखीच.

फ्लोटची गोष्ट सीच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. फ्लोटमध्ये ०.१ भरून ‘इफ दर == ०.१’ लावलं तर थांबा लागत नाही, कारण अटीतला ०.१ डबल (जास्त अचूकतेचा प्रकार) आहे आणि दोन्ही आकडे शेवटच्या बिटांत जुळत नाहीत. ‘इफ दर > ०.०९९ && दर < ०.१०१’ असा पट्टा द्या.

मजकुरावरची अट हा या सोयीचा सगळ्यात कच्चा कोपरा. ‘नाव == "पुणे"’ असं लिहिलं तर पत्त्यांची तुलना होते, अक्षरांची नाही. म्हणून लोक ‘एसटीआरसीएमपी’ या मजकूर ताडणाऱ्या सीच्या फंक्शनकडे वळतात. तेव्हा दर फेरीला जीडीबी तुमच्या प्रोग्राममध्ये ते फंक्शन चालवतो, आणि अवतरणातला मजकूर ठेवायला प्रोग्रामच्याच मेमरीत मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) जागा घेतो. ती परत दिली जात नाही. मेमरी गळतीच शोधायला बसला असाल तर ही गळती तुमचीच! शिवाय लायब्ररीची डीबग माहिती नसेल तर परताव्याचा प्रकार ठाऊक नसल्याची तक्रार येते आणि कास्ट (प्रकार स्पष्ट सांगणं) लिहावा लागतो. यावरचा नीट उपाय म्हणजे ‘$_एसटीआरईक्यू(नाव, "पुणे")’. हे फंक्शन तुलना जीडीबीच्या बाजूला करतं, प्रोग्रामला हात लावत नाही. त्यासाठी जीडीबी पायथनसह बांधलेला असावा लागतो. लिनक्सच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये तो तसा असतो. हार्डवेअर बोर्डासोबत मिळणाऱ्या टूलचेनमध्ये (कंपायलर-डीबगरच्या संचात) आधी खात्री करून घ्या.

आता वेग. तो मोजायला कधीच खरी न होणारी अट द्या, ‘इफ आय == -१’, आणि तोच प्रोग्राम डीबगरशिवाय चालवून दोन्ही वेळा ताडून पाहा. फरक डोळ्यांत भरतो. त्याचं कारण रचनेतच आहे. एक्स८६ प्रोसेसरवर जीडीबी त्या जागी ‘इंट ३’ ही एका बाइटची सूचना लिहितो. प्रोग्राम तिथे आला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याला थांबवतो आणि जीडीबीला उठवतो. जीडीबी रजिस्टर आणि मेमरी वाचतो, अट तपासतो, ती खोटी निघाली की मूळ सूचना एक पाऊल चालवतो आणि प्रोग्राम पुन्हा सोडतो. म्हणजे अट खोटी असली तरी पूर्ण थांबा झालेलाच असतो. फक्त तो तुम्हाला दिसत नाही. एका थांब्याला ५० मायक्रोसेकंद धरले तर १० लाख फेऱ्यांना ५० सेकंद. दूरच्या बोर्डावर जीडीबीसर्व्हर (तिथला प्रोग्राम जीडीबीच्या सांगण्यावरून चालवणारा मदतनीस) असेल आणि जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागत असेल, तर दर फेरीला एकच फेरफटका धरूनही १६ मिनिटांच्या वर, आणि प्रत्यक्षात फेरफटके एकाहून जास्त होतात. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) असतील तर या थांब्यांनी थ्रेडच्या वेळाच बदलतात आणि रेस कंडिशनचा (कोणता थ्रेड आधी पोचतो यावर अवलंबून असलेला) दोष डीबगरखाली गायब होतो.

जीडीबीसर्व्हरसाठी आवृत्ती ७.५पासून ‘सेट ब्रेकपॉइंट कंडिशन-इव्हॅल्युएशन टार्गेट’ आहे. अट बाइटकोड (छोट्या सूचनांचा संच) होऊन पलीकडे बोर्डावर जाते आणि तिथेच तपासली जाते, नेटवर्कचा फेरफटका वाचतो. पलीकडे ही सोय नसेल तर जीडीबी तसा इशारा देऊन होस्टवरच (तुमच्या मशीनवरच) तपासतो. तो इशारा वाचायला विसरू नका, नाहीतर सेटिंग बदलूनही वेग तोच का, हे कोडं सुटत नाही.

एकाच मशीनवर काम असेल तर सगळ्यात वेगवान उपाय जीडीबीबाहेर आहे. अट सरळ कोडमध्ये लिहा आणि आत ‘रेझ(सिगट्रॅप)’ टाका, म्हणजे प्रोग्राम स्वतःलाच थांब्याचा सिग्नल पाठवतो. अट प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने तपासली जाते, थांबा फक्त खऱ्या वेळी. पुन्हा कंपाइल करावं लागतं, आणि ती ओळ काढायची राहिली तर डीबगरशिवाय चालणारा प्रोग्राम तिथेच मरतो.

कितव्या फेरीत बिघडतं हेच माहीत नसेल, तर अटीपेक्षा ‘इग्नोर’ (ठरावीक थांबे टाळणारी आज्ञा) बरा. ‘इग्नोर १ १००००००’ देऊन चालवा (पहिला १ हा ब्रेकपॉइंटचा क्रमांक). प्रोग्राम कोसळला की तो त्या ओळीवर किती वेळा आला ते ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ सांगतो. हा आकडा ७३११२ निघाला, तर पुढच्या वेळी ‘इग्नोर १ ७३१११’ द्या. कोसळण्याआधीच्या शेवटच्या भेटीत तुम्ही तिथे हजर. प्रोग्राम दर वेळी सारखाच चालत असेल तरच हे जमतं.

‘-ओ२’ने (वेगासाठी बदल करून) बांधलेल्या कोडवर अट लावायची तर सावध. चल रजिस्टरमधून उडवलेला असला की त्याची किंमत मिळत नाही आणि अट तपासताना चूक झाल्याचा संदेश देऊन प्रोग्राम थांबतो. ‘-ओजी’ (डीबगिंगला सोयीचे तेवढेच बदल) हा मधला मार्ग.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये उजवं बटण दाबून अट लिहिता येते, ते सोयीचं आहे. पण मागे जीडीबीच असेल तर वेग तोच. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये अट जावास्क्रिप्टचं इंजिन स्वतःच तपासतं, म्हणून तिथून येणाऱ्याला जीडीबी फारच संथ वाटतो.

अट काढायला ‘कंडिशन १’ एवढंच लिहायचं. याने ब्रेकपॉइंट जात नाही, बिनअटीचा होतो आणि दर फेरीला थांबू लागतो. तो घालवायचा तर ‘डिलीट १’. जमवलेल्या अटी ‘सेव्ह ब्रेकपॉइंट्स’ने फाइलमध्ये ठेवता येतात आणि ‘सोर्स’ने परत आणता येतात. मात्र फाइलमध्ये ओळींचे क्रमांक असतात. वर दोन ओळी वाढल्या की अट भलत्याच ओळीवर जाऊन बसते. शक्य तिथे फंक्शनच्या नावावर ब्रेकपॉइंट लावा.