चर्चमधील बेससाठी सुटी पेडल्स की मल्टी-इफेक्ट?

बेळगाव-खानापूर भागातील चर्चमध्ये मराठी, कोकणी वा कन्नड गीतांना साथ करणाऱ्या बेस गिटारवादकाने ट्यूनर (सूर जुळवण्यासाठी), कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी एकसारखी ठेवण्यासाठी) आणि डीआय (गिटार थेट ध्वनियंत्रणेला जोडण्यासाठी) अशी सुटी पेडल्स, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या छोट्या पेट्या, मांडली, तर प्रत्येक नॉब हाताशी राहतो आणि एखादे बिघडल्यास ते वगळून वाजवता येते. मात्र बहुतेकांना लागणारा 9 व्होल्टचा पुरवठा एकाच स्वस्त अडॅप्टरवरून वाटल्यास त्याची गुणगुण प्रार्थनेच्या शांततेत नेमकी ऐकू येते. मल्टी-इफेक्ट, म्हणजे असे अनेक परिणाम एकत्र देणारे एकच यंत्र, एका पिशवीत मावते व गीतागणिक ध्वनी जतन करते, पण ऐनवेळी मेनू चाळावा लागतो. खालच्या तारेचा सुमारे 41 हर्ट्झचा स्वर उंच छताखाली आधीच घुमत असल्याने रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, तर नकोच. म्हणून एका जागी वाजवणाऱ्याने सुटी पेडल्सच घ्यावीत, असे माझे मत आहे.