अल्पाका की मेंढ्या? दोन-तीन एकर आणि लोकरीचा हिशोब

न्यूझीलंडमध्ये वायकाटोकडे दोन-तीन एकर घेतले की गवत नुसतं वाढत सुटतं, मग घराघरात तोच वाद, मेंढ्या आणायच्या की अल्पाका, म्हणजे उंटाच्या कुळातलं ते लोकरीचं जनावर. लोकरीसाठीच पाळायचं असेल तर माझं मत अल्पाकाला, पण खच्ची केलेले तीन नर घ्या आणि ब्रीडिंगच्या फंदात पडू नका.

इथली नेहमीची रॉम्नी मेंढी वर्षाला 4-5 किलो लोकर देते पण ती जाड, धाग्याची जाडी 35 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास, कार्पेटच्या कामाची, आणि मध्यंतरी बरीच वर्षं भाव इतका पडलेला होता की बऱ्याचदा कातरणाऱ्याची मजुरीपण सुटत नव्हती. अल्पाकाची चांगली लोकर दीड ते तीन किलोच निघते, पण मऊ, आणि मेंढीसारखा मेणचटपणा जवळजवळ नाहीच त्यामुळे धुणं सोपं, हाताने सूत कातणारे लोक आवडीने घेतात. वय वाढलं की ती जाड होत जाते बरं का, त्यामुळे स्वस्तात मिळतोय म्हणून म्हातारा गडी उचलायच्या आधी लोकरीत हात घालून बघा आणि मायक्रॉनचा रिपोर्ट मागा. फुललेल्या लोकरीचे ते वाकाया, लांब बटा लोंबणारे ते सुरी, सुरुवातीला वाकायाच बरे.

कातरताना मात्र मेंढी जिंकते, सराईत माणूस तिला काही मिनिटांत मोकळी करतो. अल्पाकाला आडवं पाडून पाय दोरीने ताणावे लागतात आणि डोकं धरायला एक माणूस लागतो, थुंकी पण त्यालाच मिळते! शिवाय अल्पाका कातरणारे कमी, नंबर आधीच लावून ठेवायचा.

आजारांत या भागातली मोठी भीती म्हणजे फेशियल एक्झिमा, गवतातल्या बुरशीमुळे लिव्हर खराब होतं, उन्हाळा सरता सरता जास्त. मेंढ्यांनाही होतो, पण अल्पाका त्यात फारच नाजूक, तेव्हा बचावासाठी झिंक (जस्त) द्यायला विसरायचं नाही.

आता ब्रीडिंग का नको ते. मेंढी पाच महिन्यांत विते, बरेचदा जुळी, जास्तीची कोकरं मटणाला जातात. अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण आणि पिल्लू एकच, ते विकायचं कोणाला? अमेरिकेत 1984 पासून अल्पाका आणले, एकेकाचे भाव हजारो डॉलरवर गेले, 2005 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी हा बुडबुडा आहे असं लिहिलं आणि पुढे तो फुटलाच.

गावाकडून विचारतात सोलापूरला जमेल का. अहो, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंडीतलं जनावर ते, 42 डिग्रीत त्याचे हाल कशाला, तिथे आपली दख्खनी मेंढीच, लोकर भरड असली तरी घोंगडीला तीच लागते.

आणि हो, मेंढ्या रानभर लेंड्या टाकत हिंडतात, अल्पाका सगळे मिळून एकच कोपरा धरतात. फावडं घेऊन तिथेच जायचं, भाजीच्या वाफ्यांचं खत झालं.